शिलाई मशीन

भटूची गाडी देवपूरच्या पुलावर चढली
की पांझरेतल्या म्हशीसुद्धा मान वर करायच्या.
माझी मात्र शिलाई मशीन.
शंभर सीसी, दोन हजार नऊचं मॉडेल,
मागच्या सीटला औषधांचे खोके बांधलेले,
धुळे ते बेटावद, बेटावद ते धुळे,
टिक टिक टिक टिक.
एकदा फाट्यावर एक म्हातारा म्हणाला,
ढकलत आणली का रे पोरा?

त्या दिवशी ठरवलं.
खिशात सातशे वीस.

दुकानात काचेमागे चकचकीत सायलेन्सर
बोकडाच्या फऱ्यांसारखे टांगलेले.
भाव विचारला, साडेचार हजार,
आणि लाजेपोटी पस्तीसचा एक बल्ब घेऊन
बाहेर आलो.

भटू म्हणाला, भोकं पाड. ड्रिल माझ्याकडे आहे.
दोन पाडली.
आवाज आला खरा,
पत्र्याच्या डब्यात खडे भरून
कोणी रागानं हलवावा तसा.
पिकअप गेला. गल्लीतली तान्ही पोरं उठली.
चौकातल्या हवालदारानं शिट्टीसुद्धा वाजवली नाही,
नुसतं बोट वाकडं केलं.
दोनशे. पावती नाही.

सुपडू मिस्तरीचं गॅरेज पारोळा रोडला, कडुनिंबाखाली.
म्हणजे कडुनिंब हेच गॅरेज.
फांदीला टायर, खोडाला खिळे, खिळ्यांना पाने.
उन्हाळ्यात झाडाला पानं कमी, पानेच जास्त.

त्यानं गाडी चालू केली
आणि सायलेन्सरच्या तोंडाशी तळवा धरला,
तव्याची आच बघतात तसा.
मग पुढे सरकला, वाकला, थुंकला.
तुनी गाडी गाई नही ऱ्हायनी रे भो,
खोकी ऱ्हायनी.

इंजिनाला पाइप मिळतो तिथलं गॅस्केट जळालेलं.
भोवती काजळाची रेघ.
फाटलं होतं पुढे,
आणि आम्ही भोकं पाडत बसलो मागे.
चाळीस रुपये.
भोकं वेल्डिंगनं बुजवली, ऐंशी.
आतली जाळी काढायची का, विचारलं मी.
जाळी काढशी तं निस्ती बोंब मारी.
भंगारातला वीतभर जाड नळीचा तुकडा,
कुठल्या गाडीचा देव जाणे,
शेपटाला जोडला. दीडशे.
काचेची लोकर भरली, मफलर गुंडाळावा तशी. साठ.
कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा,
त्याचे घेतले नाहीत,
चहा मात्र दोनदा प्यायला माझ्या पैशानं.

किक मारली.

मोठा नव्हता आवाज.
भटूला अजून पटत नाही, म्हणून लिहून ठेवतो:
मोठा नव्हता.
शेजारच्या खोलीत कोणी ज्वारीचं पोतं
जमिनीला टेकवावं,
थप्,
मग दुसरं, मग तिसरं, घाई नाही.
औषधाच्या बाटल्या खोक्यात
एकमेकींना हळूच लागायच्या.
त्या रात्री नेरपर्यंत उगाच जाऊन आलो.
दोन्हीकडे कपाशी, अंधार,
आवाज पुढे आणि मी त्याच्या मागे.

चार वर्षांनी विकली, अकरा हजारांना,
कापडण्याच्या गोरखला.
आता जी आहे ती नवी आहे, तिला आवाज नाही.

परवा स्टँडमागे कचोरी खात उभा होतो.
दोन ट्रक, एक ट्रॅक्टर, कोणाच्या तरी हळदीचा बँड,
आणि त्यातून, खालून,
थप्, थप्.
मान वळेपर्यंत पाठ दिसली फक्त.
गोरख नव्हता. कोणी तिसराच,
मागे पोरगी, दोघांच्या मधे दळणाचा डबा.
आणि दोन थपांच्या मधे बारीक
फिस्स.
पुढून. बेंडाजवळून.

कचोरी टाकून पळालो थोडा.
ओ भाऊ, म्हणून ओरडलोही.
सिग्नल सुटला.

कोणाला दिसला तो,
लाल टाकी, मडगार्ड सुतळीनं बांधलेलं,
तर सांगा त्याला,
भोकं पाडू नको म्हणावं.
चाळीसचं काम आहे.
आता साठ झालं असेल.